‘ओळखलंस का मला?’ हा प्रश्न आधी थांबवा

दिवाळी आली की धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमची माणसं गावाकडं परततात. कुणी पुण्याहून, कुणी मुंबईहून, कुणी हैदराबादहून. उमरग्यापर्यंत मोठी गाडी, तिथून पुढं मुरुमची एसटी नाही तर जीप. पिशव्या ओसरीवर टेकतात न टेकतात तोच आजीभोवती कोंडाळं होतं. “आजी, मी कोण सांग बरं?” आजी चेहऱ्याकडं बघते, कसंनुसं हसते, पदर सावरते. “अगं विसरलीस? नीट बघ की!” मग दुसरा पुढं होतो. “बरं, हिचं नाव सांग.” विचारणाऱ्यांच्या मनात प्रेमच असतं. आजीच्या वाट्याला मात्र भरल्या घरात नापास होणं येतं. थोड्या वेळानं ती चिडते किंवा गप्प होते, आणि घरचे म्हणतात, “आता बोलतच नाही ती कुणाशी.”

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी संवाद तुटायला अनेकदा इथूनच सुरुवात होते. आजार बोलणं हळूहळू कमी करतो, हे खरं. पण घरात रोज होणारी उलटतपासणी ते आणखी लवकर बंद पाडते. आजाराला आजवर पूर्ण बरा करणारा उपाय सापडलेला नाही. बोलण्याची रीत मात्र घरच्यांना आजपासून बदलता येते.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हा विषय आपल्याकडं झटकून टाकला जातो. कुणी ‘म्हातारचळ’ म्हणतं, कुणी ‘नाटकं करतेय’ म्हणतं. स्मृतिभ्रंश हे म्हातारपण नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. त्याचे प्रकार अनेक असून त्यांत अल्झायमरचं प्रमाण सर्वांत मोठं, म्हणजे 60 ते 70 टक्के आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आढळलं. मुरुम, आलूर, केसरजवळगा अशा गावांच्या दृष्टीनं हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे.

काय जातं, काय उरतं

अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग नवी आठवण साठवतो, त्यालाच बहुधा आधी धक्का बसतो. त्यामुळं सकाळचा चहा आठवत नाही, पण बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले दिवस, रेशनची तांबडी मिलो ज्वारी आणि पोरांना मिळणारी सुकडी लख्ख आठवते. ‘जुनं सगळं बरोबर सांगते, मग आत्ताचंच कसं विसरते?’ असा संशय घरच्यांना येतो. त्यात लबाडी काहीच नसते, आजाराचं स्वरूपच तसं आहे.

पुढं शब्द सापडेनासे होतात. ‘तांब्या’ हा शब्द हरवतो, मग ‘ते पाण्याचं’ असं म्हटलं जातं. त्यानंतर लांब वाक्यं समजेनाशी होतात. वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात निसटलेली असते.

भावना मात्र बराच काळ टिकून राहतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 2014 साली झालेला एक प्रयोग इथं सांगण्याजोगा आहे. अल्झायमर झालेल्या 17 जणांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांतच त्यांच्या लेखी त्या पुसल्या गेल्या, एकाला तर आपण काही पाहिलं हेही आठवेना. पण त्या प्रसंगांनी मनात उठलेलं दुःख किंवा आनंद त्यानंतरही टिकून होता. घरात याचा अर्थ सरळ आहे. सकाळी सुनेनं आवाज चढवला हे सासूबाई दहा मिनिटांत विसरतील, पण तो अपमान दुपारपर्यंत मनात राहील आणि जेवणाचं ताट ढकलून बाहेर पडेल. तसंच पाच मिनिटं जवळ बसून मारलेल्या गप्पा आठवल्या नाहीत, तरी त्यानंतरचा तास शांत जाईल.

परीक्षा डॉक्टरांनी घ्यावी

या आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या अलॉइस अल्झायमर यांनी 1901 साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाच्या 51 वर्षांच्या बाईची तपासणी केली. त्यांची प्रश्नोत्तरं आजही उपलब्ध आहेत. नाव विचारलं, तिनं ‘ऑगस्टे’ सांगितलं. आडनाव विचारलं, पुन्हा ‘ऑगस्टे’. नवऱ्याचं नाव विचारलं, तरी उत्तर तेच. जेवताना ताटात फ्लॉवर होता आणि ती पालक खातेय असं सांगत होती. निदानासाठी डॉक्टरांना असे प्रश्न विचारावेच लागतात. निदान झाल्यावर घरात तेच प्रश्न रोज विचारून हाती काही लागत नाही. वारंवार नाव विचारल्यानं स्मरणशक्ती ताजी राहते ही समजूत खरी नाही.

म्हणून पहिला नियम असा की माहिती मागू नये, द्यावी. “मी कोण?” ऐवजी “आजी, मी संगीताचा थोरला, महेश. पुण्याहून आलो.” “काल काय झालं आठवतं का?” ऐवजी “काल तुळजापूरला जाऊन आलो आपण. गर्दी होती फार.” “जेवलीस का?” हा प्रश्नसुद्धा अवघड पडतो, कारण उत्तर आठवणीतून काढावं लागतं. “भाकरी गरम आहे, चल बसू” असं म्हणावं. “आठवतं का” हे दोन शब्द घरातून हद्दपार झाले, तरी निम्मी चिडचिड कमी होते.

तोंड उघडण्याआधी

बोलणं नीट व्हायचं तर आधी ऐकू जायला हवं. आजी उत्तर देत नाही, याचं कारण कधी कधी कानातला मळ असतो, कधी कपाटात पडून असलेलं श्रवणयंत्र, कधी दोन वर्षांपूर्वीचा चष्मा. बहिरेपणामुळं आजार आहे त्याहून जास्त वाटतो. शिवाय ऐकू कमी येणं आणि दिसणं कमी होणं, ही दोन्ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत मोडतात. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या 2024 च्या अहवालातल्या चौदा कारणांच्या यादीत त्यांचा समावेश आहे. तेव्हा कान आणि डोळे तपासून घेणं हे पहिलं काम.

मग घरातला गोंगाट. टीव्हीवर मालिका चालू, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, बाहेर मिरवणुकीचे भोंगे आणि त्यातच दाराआडून कुणी हाक मारतं, “आजी, गोळी घेतली का?” चांगल्या माणसालाही धड कळणार नाही. टीव्ही बंद करावा. समोरून जावं, पाठीमागून हात लावू नये. ती बाजेवर बसली असेल तर आपणही खाली किंवा शेजारी बसावं. उभ्यानं वरून बोललेलं दरडावल्यासारखं वाटतं. चेहऱ्यावर उजेड असावा. आधी नेहमीच्या नात्यानं हाक मारावी, नजर मिळाली की बोलावं.

छोटी वाक्यं, मोठी उसंत

“आत्याबाई, उठा, अंघोळ करा, मग गोळी घ्या, तोवर मी चहा टाकते आणि नंतर डॉक्टरांकडं जायचंय.” एका दमात पाच कामं झाली. त्यातलं एकही होणार नाही. “आत्याबाई, उठा.” उठल्या की, “चला, मोरीत जाऊ.” तिथं गेल्यावर, “हे घ्या पाणी.” एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि सांगताना ती वस्तू हातात दाखवावी. चहाचा कप समोर धरला की अर्धं वाक्य वाचतं.

‘तो’, ‘तिकडं’, ‘ते’ असे शब्द टाळावेत. “त्याला सांगितलंय, तो तिकडून आणेल” यात कुणाचं काय हे कळत नाही. “बसवराजला सांगितलंय. बसवराज दुकानातून साखर आणेल” हे कळतं. “काय खाणार?” असं मोकळं विचारण्यापेक्षा “भात की भाकरी?” असे दोनच पर्याय द्यावेत आणि शक्य तर दोन्ही दाखवावेत.

सर्वांत अवघड काम म्हणजे थांबणं. विचारून झाल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो. मधेच दुसऱ्या शब्दांत तोच प्रश्न विचारला तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. उत्तर आलंच नाही तर मात्र अगदी त्याच शब्दांत पुन्हा विचारावं. शब्द अडला आणि त्या बेचैन झाल्या तर हळूच सुचवावा, पण शाळेतल्यासारखी दुरुस्ती करू नये. त्यांनी तांब्याला ‘चंबू’ म्हटलं म्हणून काही बिघडत नाही. पाणी मिळालं की झालं.

बोलणं सोपं करावं, माणसाला लहान करू नये. ऐंशी वर्षांच्या आप्पांना “बाळ, आ कर” म्हणणं त्यांना बोचतं. ‘तुम्ही’ म्हणत आलो असू तर ‘तुम्ही’च राहावं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल “ह्यांना आता काही कळत नाही” असं पाहुण्यांना सांगू नये. बरंच कळत असतं.

आई कानडीत बोलू लागली तर

मुरुमच्या सीमाभागात एक प्रश्न हमखास येतो, जो पुण्याच्या पुस्तकांत सापडत नाही. उमरगा तालुक्याला लागून कर्नाटकातले आळंद आणि बसवकल्याण हे तालुके आहेत, आणि सोयरीक दोन्हीकडची. अनेक घरांत आजीचं माहेर कानडी. लग्नानंतर साठ वर्षं ती मराठीत राहिली, मुलं मराठी शाळेत शिकली, नातवंडं इंग्रजीत. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी मागं पडते आणि बालपणीची वर येते. मग आजी पाणी मागते ते कानडीत, रागावते ते कानडीत, आणि नातसुनेला वाटतं, ती काहीतरी बरळतेय. मुसलमान घरांत हेच दखनीच्या बाबतीत होतं. जुन्या हैदराबाद संस्थानात उर्दूतून शिकलेले नव्वदीचे आजोबा आकडे अचानक उर्दूत मोजू लागतात.

“मराठीत बोल की” असं सांगून उपयोग नाही. भाषा बदलणं आता त्यांच्या हाती नाही, घरच्यांच्या हाती आहे. रोजच्या गरजेचे दहा-पंधरा कानडी शब्द शिकून घ्यावेत. बा (ये), कुंद्रू (बस), नीरू (पाणी), ऊट (जेवण) एवढ्यावर निम्मा दिवस निभतो. कागदावर देवनागरीत लिहून ते स्वयंपाकघरात चिकटवावेत. जवळपास एखादी माहेरच्या बाजूची बाई असेल तर आठवड्यातून एकदा तिला गप्पा मारायला बोलवावं. दवाखान्यात जाताना ही भाषा बोलणारं कुणीतरी सोबत न्यावं. नाही तर भाषेची अडचण आजाराच्या खात्यावर जमा होते.

दोन भाषांचा हा संसार मेंदूला हितकारक ठरत असावा, असंही दिसतं. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये 648 स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. सीमाभागातल्या नातवंडांना घरची कानडी किंवा दखनी शिकवायला हे एक कारण पुरे आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (2013) या चित्रपटात भाषा वेगळी असूनही जुळलेला संवाद दिसतो. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, अल्झायमरचे रुग्ण. रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते गाडीतून उतरून त्याच्यामागं चालू लागतात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी. ना तिला त्यांचं शिक्षण ठाऊक, ना आजाराचं नाव. ती त्यांना काही आठवायला लावत नाही. समोर भुकेला, घाबरलेला माणूस आहे एवढं तिला दिसतं आणि ती एखाद्या लेकराचं करावं तसं त्यांचं करते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरात असा रुग्ण असलेल्या कुटुंबानं एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट आहे. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हेही पाहताना लक्षात राहतं.

‘घराकडं जाऊ द्या मला’

संध्याकाळ झाली की आजी गाठोडं बांधते. “घराकडं जाऊ द्या मला.” मुलगा म्हणतो, “अगं आई, हेच आपलं घर. तूच बांधून घेतलंस.” आई मानत नाही, दाराची कडी ओढते. दिवस मावळताना अशी अस्वस्थता वाढणं या आजारात नेहमीचं आहे.

मुरुमच्या पट्ट्यात या मागणीला एक खरा इतिहासही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा आणि लोहारा भागाला त्याचा मोठा तडाखा बसला. दगडमातीची माळवदाची घरं कोसळली, हजारो माणसं गेली, कित्येक गावं नव्या जागी वसली. आज ऐंशीच्या घरात असलेल्या अनेकांच्या आठवणीतलं घर जमिनीवर उरलेलंच नाही. त्या माणसाला सिमेंटच्या खोलीत बसवून “हेच तुझं घर” असं पटवता येत नाही. पहाटे दचकून उठून कुणी “बाहेर पळा” म्हणालं, तर तो भास म्हणून उडवून लावू नये. ती भीती एकदा खरी होऊन गेलेली आहे. दिवा लावावा, हात धरावा, “मी आहे इथं, सगळे बरे आहेत” म्हणावं आणि गरज पडली तर दोन मिनिटं अंगणात नेऊन आणावं.

‘घर’ मागणाऱ्याला बहुतेक वेळा सुरक्षित वाटणं हवं असतं. त्यामुळं वाद घालण्यापेक्षा विचारावं, “कसं होतं गं तुमचं घर? माळवदावर काय वाळत घालायचीस?” कुरडया, शेंगा, मिरच्या अशी गाडी सुरू झाली की दार विसरलं जातं. भूक, तहान, लघवीची घाई, थंडी यांपैकी काही आहे का तेही पाहावं. सांगता न आलेली अडचण अनेकदा ‘घरी जायचंय’ या शब्दांत बाहेर येते. दिवेलागणीच्या आधी खोलीत भरपूर उजेड करावा आणि त्या वेळेला एखादं काम हातात द्यावं. वाती वळणं, तूर निवडणं, शेंगा फोडणं. शब्द गेले तरी हातांची सवय उशिरापर्यंत राहते. रोज इष्टलिंगाची पूजा करणाऱ्या आप्पांना मुलाचं नाव आठवणार नाही, पण विभूती लावायला बोटं बरोबर कपाळाकडं जातील.

गेलेल्या माणसाची चौकशी

“मालक अजून शेतातनं आले नाहीत?” मालकांना जाऊन बारा वर्षं झालेली. “अगं, ते वारले की” असं सांगितलं तर आजी ती बातमी पहिल्यांदाच ऐकते आणि आक्रोश करते. तासाभरानं पुन्हा विचारते. दर वेळी तेच सांगणं म्हणजे रोज एक मयत. मग खोटं बोलावं का? याबद्दल जाणकारांतही मतभेद आहेत. पण “येतील आता, लातूरला गेलेत” अशी रचलेली गोष्ट एकदा सांगितली की ती सांभाळत बसावी लागते. सर्वांना झेपणारा मार्ग मधला आहे. प्रश्नामागची भावना उचलावी. “आठवण येते ना त्यांची? काय पिकवायचे गं ते शेतात?” असं म्हणावं. आजी शांतपणे, रोखून “ते गेले का?” असं विचारत असेल, तर खरं ते हळुवार सांगावं आणि जवळ बसावं.

तोच प्रश्न वीस वेळा येतो तेव्हाही धीर धरावा. “आता सांगितलं की!” या उत्तराचा उपयोग नसतो, कारण सांगितलेलं मेंदूत उतरलेलंच नाही. प्रत्येक वेळी तेवढंच छोटं उत्तर द्यावं, किंवा ते मोठ्या अक्षरात पाटीवर लिहून दाखवावं. पाचव्या-सहाव्या वेळी जागा बदलावी, अंगणात न्यावं. सहनशक्ती संपली तर दोन मिनिटं बाहेर जाऊन यावं. ओरडण्यापेक्षा ते बरं.

‘माझी पाटली हिनंच घेतली’

घरं फोडणारा प्रसंग हा. आजी पाटली, चंची किंवा नोटांची पुरचुंडी कुठंतरी लपवते, लपवल्याचं विसरते आणि चोरीचा आळ येतो तो चोवीस तास सोबत असणाऱ्या सुनेवर. सून दुखावते. लेकी माहेरपणाला आलेल्या असतात, त्या आईचं ऐकतात.

“मी कशाला घेऊ?” अशी सफाई देत बसू नये. “पाटली सापडत नाही? चला, दोघी मिळून बघू” म्हणावं आणि खरंच शोधावं. उशीखाली, तांदळाच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या घडीत. नेहमीच्या चार जागा ठाऊक करून घ्याव्यात. खरे दागिने कुटुंबाच्या संमतीनं सुरक्षित ठेवून हाताशी खोट्या पाटल्या आणि सुट्टे पैसे असू द्यावेत. आणि लेकींनी, दिरांनी, शेजाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हा आळ आजार घेत असतो. सुनेला एकांतात नव्हे, सगळ्यांसमोर सांगावं की आमचा तुझ्यावर विश्वास आहे.

पुण्याहून फोन करणाऱ्यांसाठी

मुरुमच्या अनेक घरांचा संवाद आज फोनवर चालतो. रोज शक्यतो एकाच वेळी फोन करावा, सकाळी माणूस ताजा असताना. गावाकडचं कुणीतरी शेजारी बसलेलं असावं. फोन उचलताच आपलं नाव आणि नातं सांगावं. व्हिडिओ कॉलवर एकच चेहरा असावा. पाच जण एकदम ओरडले की पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. पाच मिनिटं पुरेत. जुना फोटो, अंगणातलं झाड, नातीची रांगोळी असं काहीतरी दाखवावं. बोलणं सुचत नसेल तर गाणं लावावं. भजनं, वचनं, आरत्या पाठ असलेली माणसं बोलणं थांबल्यावरही सूर धरतात. त्या पिढीतल्या बायका पहाटे जात्यावर ओव्या म्हणत मोठ्या झाल्या. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या प्रकल्पानं अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. घरची ओवी मात्र घरीच आहे. पहिली ओळ आपण धरावी, दुसरी बहुधा तिकडून येते. जमल्यास तो आवाज फोनमध्ये साठवून ठेवावा.

शब्द संपल्यावर

शेवटच्या टप्प्यात बोलणं एक-दोन शब्दांवर येतं किंवा थांबतं. तेव्हा स्पर्श आणि सूर बोलतात. केसांना तेल लावणं, हातावर हात ठेवणं, काय करतोय ते करण्याआधी सांगणं. “आप्पा, आता कूस बदलतो.” दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, ते कपाळाच्या आठ्यांत, आवळलेल्या मुठीत, जेवण नाकारण्यात दिसतं. अंघोळीला किंवा कपडे बदलायला विरोध होत असेल तर आधी दुखण्याची शंका घ्यावी, हट्टीपणाची नंतर.

कालपर्यंत बरं बोलणारा माणूस एक-दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला किंवा भास होऊ लागले, तर ‘आजार वाढला’ म्हणून थांबू नये. लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता किंवा नवं औषध ही कारणं असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्यावं. विसराळूपणाची सुरुवात असेल तेव्हाही तपासणी करावी. थायरॉइड, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांतही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणं दिसतात. उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून सुरुवात करता येते. पुढच्या तपासण्यांसाठी सोलापूर आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं जाताना बदल कधीपासून दिसले, औषधं कोणती, भाषा कोणती हे एका कागदावर लिहून न्यावं आणि डॉक्टरांना विनंती करावी की आधी रुग्णाशी बोला, मग आमच्याशी.

हे सगळं शांतपणे करायचं तर करणारा माणूस थकलेला असून चालत नाही. बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे सून किंवा बायको. रात्री तीनदा उठलेल्या बाईकडून सकाळी गोड आवाजाची अपेक्षा करणं अन्याय आहे. म्हणून या लेखातल्या सूचना फक्त तिच्या हातात ठेवू नयेत. भावांनी, लेकींनी, पुण्यातल्या मुलांनी एकत्र बसून आठवड्याच्या वेळा वाटून घ्याव्यात. रोजचा एक तास कुणाचा, रविवार कुणाचा, दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे कागदावर यावं. बोलायला, सल्ला विचारायला टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. हे दोन्ही क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये, विशेषतः आजीची काळजी घेणाऱ्या बाईच्या फोनमध्ये, नोंदवून ठेवावेत.